पायाळू

जन्मताना पाय आधी बाहेर काढणाऱ्याला आमच्या गावात ‘पायाळू’ म्हणत. कमरेत उसण भरली की लोक त्याची लाथ खायला रांग लावत. जन्मानंतरही पायाळू होता येतं, हे मला २०१४ साली न्यू जर्सीत कळलं, दहा वर्षांच्या नातवाच्या बेसबॉलच्या मैदानावर.

एका बेसवरून दुसऱ्याकडे साठ फूट पळायचं आणि शेवटी घसरायचं. नातू एक पाय दुमडून, अर्धी मांडी घातल्यासारखा, दुसरा पाय पुढे करून घसरला. मी खो-खोत खांबाकडे सूर मारून वाढलेला. मला कसं बघवणार? त्यातून रिकी हेंडरसननं १४०६ बेस चोरले ते पोटावर सूर मारूनच, हे चिरंजीवांनीच सांगितलेलं. मी ओरडलो, “अरे, हात पुढे कर! डोकं घाल!”

नातू आज्ञाधारक. पुढच्या खेपेला त्यानं झकास सूर मारला, हात बेसला लावला, आणि पंचानं आऊट दिलं!

“बाबा, लिटल लीगच्या या गटात पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढे करून घसरलं की आऊटच,” चिरंजीव म्हणाले. “मागे परततानाच चालतं. समोरच्याचा गुडघा डोक्याला लागतो, बोटं मोडतात.”

मी गुपचूप उजवी करंगळी खिशात घातली. १९६१ पासून ती वाकडी आहे. आईला ‘दारात चेमटली’ म्हणून सांगितलं होतं.

नातू रडवेला होऊन शेजारी बसला. मग मात्र ती बाहेर काढून त्याला दाखवली. तो हसला.

संध्याकाळी बाकड्यावर बसून बसून माझ्या कमरेत उसण भरली. काळजी नव्हती. लाथ घरचीच होती.