दशमी, सकाळी नऊ

माझी सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे जानेवारीत इंदिरानगरहून मुरूडला निघायच्या आदल्या रात्री जंजिऱ्याभोवतीचं पाणी मोबाइलवर मोठं करकरून पाहिलं. सगळीकडे एकच निळा रंग. खडकाचा ठिपकासुद्धा नाही.

सकाळी नऊला राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी सुटली. खारे वारे, मतलई वारे शाळेत घोकले होते; मतलई वारा पाठीवर आज पहिल्यांदा घेतला. शीड फुगलं, पश्चिमेला किल्ला मोठा होऊ लागला. पण दरवाजा कुठाय? नुसते बुरूज आणि पायथ्याशी काळे खडप. होडी तटावरच जाणार, असं वाटून मी फळी घट्ट धरली.

तांडेल मात्र पुढे बघतच नव्हता. मान वळवून त्याची नजर मागे, राजपुरीच्या किनाऱ्यावर.

"काका, तो माड नि मागची डोंगराची सोंड एका रेषेत हाय तवर खाली खडक नाय."

"आणि ओहोटीला?"

"आज दशमी. तिथीची पाऊणपट करा. साडेसातला भरती झाली, आता पाणी उतरतंय. जाताना खडक उघडे बघाल."

मला शिवकाळातला लाय पाटील आठवला. मोरोपंत पेशव्यांच्या फौजेसाठी त्यानं रात्री या तटाला शिड्या लावल्या. फौज वेळेत पोचली नाही. तरी महाराजांनी पालखी देऊ केली. दर्यावरच्या माणसाला पालखी कशाला, म्हणून तो नको म्हणाला, तेव्हा 'पालखी' नावाचं गलबतच दिलं, असं सांगतात. काळोखात त्याला कुठला माड दिसला असेल?

अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यात दरवाजा उघडला. शीड उतरलं. खलाशानं बांबू खडकाला टेकवून होडी आवरली. तरी ती लाटेसरशी हातभर वर, हातभर खाली.

"वर आली की पाय टाका. उतरतीला नको!"

मी नेमका उतरतीला टाकला. गुडघाभर भिजलो, कुणीतरी दंड धरून पायरीवर ओढलं.

दुपारी परतताना सकाळी ज्यांच्या शेजारून गेलो ते खडक उघडे पडले होते, शेवाळलेले.

घरी आल्यावर वही उघडली. माड, सोंड, मधून एक रेघ. सवयीनं हात उत्तरेचा बाण काढायला गेला, पण त्याआधी कोपऱ्यात लिहिलं : दशमी, सकाळी नऊ.