पुसलं काय कोनी?

‘पुसणे’ म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला फडकं आठवतं. फळा पुसा, ओटा पुसा, डोळे पुसा. आमच्या यवतमाळकडे मात्र ‘मायले पुसून ये’ म्हटलं, तर पोरगं फडकं शोधत नाही, आईला विचारून येतं!

‘पाटलाले पुसलं काय?’, ‘न पुसता कसा गेला तू?’, ‘मले काऊन पुसतं?’... हे आमचं रोजचं बोलणं. शाळेच्या वहीत तेवढं ‘विचारले’ लिहायचं, घरी आलं की परत पुसायचं.

यावर एक शेरा ठरलेला असतो. ‘तुमची वऱ्हाडी म्हणजे अर्धी हिंदीच. पूछनाचं पुसणं केलंत झालं!’ वरवर पाहता पटण्यासारखं आहे. 1903 पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडलेला होता, नंतर 1956 पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो. हिंदी कानावर पडत होतीच. आमच्या बोलीत हिंदी शब्द आहेत, नाही कशाला म्हणू? पण पुसणे त्यातला नाही, आणि याची साक्ष त्या शब्दातला ‘स’च देतो.

बघा हं. प्राकृतातला ‘छ’ हिंदीत बहुतेक ‘छ’च राहिला, मराठीत मात्र त्याचा ‘स’ झाला. त्यांची मछली, आपला मासा. त्यांचा बछडा, आपलं वासरू. कछुआ आणि कासव, छुरी आणि सुरी. त्याच रांगेत पूछना आणि पुसणे. संस्कृतात ‘पृच्छति’, प्राकृतात ‘पुच्छइ’, मराठीत ‘पुसे’. म्हणजे मासा जितका मराठी, तितकंच पुसणं मराठी. हिंदीतून उचललं असतं तर छत्रीसारखा ‘छ’ तसाच आला असता की! (पुसदकरांनो, तुमच्या गावाचा यात संबंध जोडू नका. तुमची पूस नदी, तिची गोष्ट वेगळी.)

मग फडक्याचं पुसणं कुठून आलं? ते ‘प्रोञ्छ्’ या दुसऱ्याच धातूवरून. हिंदीने पूछना आणि पोंछना असे दोन शब्द वेगळे ठेवले. गुजरातीत पूछवुं आणि लूछवुं. मराठीत मात्र दोन्ही झिजत झिजत एकाच उच्चारावर येऊन थांबले. जुन्या मराठीला त्याची काही अडचण वाटली नाही. ज्ञानेश्वरीत अर्जुन कृष्णाला पुसतो. मोल्सवर्थच्या 1857 च्या कोशातही या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लीळाचरित्र. तेराव्या शतकाच्या शेवटी, साधारण 1278 च्या सुमाराला, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. त्यासाठी नागदेवाचार्यांना पुसलं, आणि ज्याच्या ज्याच्या समोर ती लीळा घडली त्याच्या त्याच्याकडे जाऊन पुसलं. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ लोकांना पुसून पुसून झालेला आहे! तोही कुठे, तर आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या परिसरात. आज मराठी भाषा विद्यापीठ त्याच रिद्धपूरला आहे, हे मला फार योग्य वाटतं.

पुढे ‘विचारणे’ आलं. त्याचा मूळ अर्थ विचार करणे, मनात पारखून पाहणे. हळूहळू ते प्रश्नासाठी वापरात आलं आणि शिष्ट मराठीत पुसण्याच्या हातात फक्त फडकं उरलं. तरी जुना अर्थ दोन ठिकाणी चिवटपणे टिकून आहे. एक ‘विचारपूस’ या जोडशब्दात. आणि दुसरा ‘कुत्रंसुद्धा पुसत नाही’, ‘आता मला कोण पुसतंय?’ अशा वाक्यांत. गंमत पाहा, प्रश्न विचारायला आपण विचारणे घेतो, पण माणसाची दखल घ्यायची किंवा न घ्यायची असली की तोंडात पुसणे येतं. नुसत्या माहितीसाठी केलेला प्रश्न वेगळा आणि आपुलकीने केलेली चौकशी वेगळी.

यवतमाळात राहणाऱ्याला हा फरक नीट कळतो. आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेर कशासाठी माहीत आहे, ते सांगायला नको. एखाद्या घरात शेतकरी जीव देतो. मग चौकशीला माणसं येतात, कर्ज किती होतं, सातबारा कुणाच्या नावावर होता, ते विचारून कागद भरून जातात. विचारणं होतं. पण दोन महिन्यांनी त्या बाईला ‘कशी आहेस बाई, पेरणीचं काय केलंस?’ असं पुसणारं किती जण असतात?

जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. ठरलेल्या उद्घाटकांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, त्यावरून वादंग झाला, आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. त्या दिवशी सगळ्या मराठी मुलखाने निदान एकदा तरी अशा बाईला पुसलं, असं मला वाटलं.

या बायकांच्या वाट्याला पुसण्याचे दोन्ही अर्थ येतात. नवरा गेला की कुंकू पुसतात, आणि त्यानंतर तिला कुणी पुसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, त्यात कुंकू पुसण्याची चालही होती. पहिलं पुसणं ठरावाने थांबवता येतं. दुसरं पुसणं मात्र ठरावाने सुरू होत नाही, त्यासाठी कुणीतरी उठून तिच्या दारात जावं लागतं.

असो. लेकरांची बोली सुधारायला निघालेल्या मंडळींना एवढंच सांगायचं आहे, त्यांना ‘विचारणे’ जरूर शिकवा. पण घरात कुणी ‘आजीले पुसलं काय, जेवली का थे?’ म्हटलं, तर टोकू नका. त्या शब्दात काही अशुद्ध नाही.