तिने शपथ घेतली नाही

बारावीला केंद्रात पहिली आलेली मुलगी म्हणून मी बार्शीहून पुण्याला इंजिनिअरिंगला आले आणि पहिल्याच वर्षी तीन विषयांत नापास झाले. घरच्या पत्रांत मात्र ‘अभ्यास छान चाललाय’ एवढंच असायचं. 1996 साल होतं. त्याच काळात मी स्वतःच्या शरीराला इजा करून घ्यायला लागले. कसं आणि कशाने, ते इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्यांत कुणी तशाच अवस्थेत असेल, तर त्या तपशिलाचा त्याला काही उपयोग नाही.

मला मरायचं नव्हतं. डोक्यातला गलका तेवढ्यापुरता थांबायचा, मग लाज वाटायची, आणि त्या लाजेपायी पुन्हा तेच. अशा वागण्याला ‘लक्ष वेधून घ्यायची नाटकं’ म्हणतात, ते ऐकलं की अजून चीड येते. पुण्याच्या एप्रिलमध्ये मी पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालून फिरत होते, ते कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणूनच ना?

लक्ष गेलं ते माझ्या रूम पार्टनरचं. ती चिपळूणची, आवाज खणखणीत, झोप कुंभकर्णाची. त्या रात्री मात्र तिला जाग आली. ती किंचाळली नाही, हात ओढून बघितला नाही, ‘का केलंस’ असंही विचारलं नाही. ‘दुखतंय का?’ म्हणाली. मग थोड्या वेळाने, जेवलीस का विचारावं तितक्या सरळपणे, ‘मरावंसं वाटतं का तुला?’ मी नाही म्हटलं. ‘सगळं थांबावं असं वाटतं कधीकधी,’ एवढं बोलले आणि रडले. असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात नको ते येईल, अशी पुष्कळांना भीती वाटते. माझ्या बाबतीत उलट झालं. कुणीतरी विचारलं, म्हणून मला मोकळं वाटलं.

मी तिला आईची शपथ घालत होते, कुणाला सांगू नकोस म्हणून. तिने शपथ घेतली नाही. ‘तुला न सांगता कुणाला सांगणार नाही, एवढं नक्की,’ म्हणाली.

पुढचे काही आठवडे तिने सगळं एकटीने निभावून बघितलं. माझ्यासाठी जागी राहायची आणि सकाळची लेक्चर्स बुडवायची. एकदा तिने माझ्याकडून ‘पुन्हा करणार नाही’ असं वचन घेतलं. ते माझ्याने पाळवलं नाही, आणि त्यानंतर तर मी तिच्यापासूनही लपवायला लागले. हे तिच्या लवकरच ध्यानात आलं. तिने वचन मागणं सोडलं आणि एके दिवशी म्हणाली, ‘मला हे एकटीला झेपत नाही. डॉक्टरांना मला विचारायचंय, मी काय करू ते. तू नुसती सोबत चल.’

‘तुला गरज आहे’ असं ती म्हणाली असती, तर मी गेले नसते. हे माझ्या पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं. तेव्हा फक्त भीती होती. शेजारच्या खोलीत लॉची मुलगी राहायची. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं कलम 309 सुप्रीम कोर्टाने 1994 मध्ये रद्द केलं होतं आणि 1996 च्या मार्चमध्ये पुन्हा वैध ठरवलं, हे तिच्याकडूनच ऐकलेलं. माझ्या डोळ्यांसमोर पोलीस, रेक्टर, आणि ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे गेलेली मुलगी’ म्हणून मोडलेलं लग्न. पार्टनरने माझं नाव न घेता लॉच्या मुलीला खोदून खोदून विचारलं आणि येऊन सांगितलं, ‘डॉक्टरकडे जाणं हा गुन्हा नाही. ऊठ.’

मला तोंडाने सांगता येणार नाही, हे तिने आधीच ओळखलं होतं. आदल्या रात्री तिने माझ्याकडून एका कागदावर जेमतेम चार ओळी लिहून घेतल्या. ससून रुग्णालयात केसपेपर काढून बाकावर बसलो आणि आत गेल्यावर मी तो कागद नुसता पुढे केला. डॉक्टरांनी तो वाचला आणि विचारलं, ‘हे करण्याआधी नेमकं काय होतं?’ मग त्यांनी समजावलं की ही उबळ चढते तशी उतरतेही. ती उतरेपर्यंतचा वेळ काढायला शिकायचं. तोंडावर गार पाणी मारायचं, खोलीबाहेर यायचं, शेजारच्याला उठवायचं. नैराश्यावर औषधंही सुरू झाली. पार्टनरला त्यांनी वेगळं बोलावून सांगितलं, की जागरणं बंद कर, तू तिची डॉक्टर नाहीस. ती बाहेर आली तेव्हा तीही रडत होती.

भांडण त्यानंतर झालं. घरच्या एका तरी माणसाला कळलं पाहिजे, असा तिचा हट्ट. ‘उद्या संध्याकाळपर्यंत तू आत्याला फोन कर. नाही केलास तर मी करणार.’ मी केला नाही. तिने समोरच्या एसटीडी बूथवरून केला. मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती रोज रात्री माझ्या टेबलावर गोळी आणि पाण्याचा पेला ठेवायची आणि निमूट झोपायची. आत्या आली, घर हळूहळू सावरलं. माझी सवय काही एका दिवसात सुटली नाही. मध्येमध्ये पाय घसरला. पण दर वेळी सांगायला कुणीतरी होतं.

2011 मध्ये मार्शा लाइनहान यांच्याविषयी वाचलं. स्वतःला इजा करणाऱ्यांसाठी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ घडवणाऱ्या या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. आपण स्वतःही त्यातून गेलो आहोत, हे त्यांनी त्या वर्षी जाहीरपणे सांगितलं, आणि तेही हार्टफर्डच्या ज्या संस्थेत 1961 साली, वयाच्या सतराव्या वर्षी त्यांना दाखल केलं होतं, तिथेच. एवढ्या विद्वान बाईंना बोलायला पन्नास वर्षं लागली. मला काही आठवडे लागले. त्याचं श्रेय माझं नाही.

आता मी सोलापूरला शिकवते. एकदा एक विद्यार्थिनी माझ्यासमोर बसून म्हणाली, ‘मॅडम, कुणाला सांगू नका.’ माझ्या तोंडून पार्टनरचंच वाक्य बाहेर आलं. तिच्या सोबत डॉक्टरकडे गेले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. कायद्याची भीती घालायला आता कुणाला जागा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायला सांगितलं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम तसं उरलेलं नाही. त्या मुलीच्या आईवडिलांना हे समजावताना मला बरं वाटलं.

हा लेख लिहू का, असं विचारायला पार्टनरला चिपळूणला फोन केला. तुझे उपकार वगैरे म्हणायला लागले, तर तिने मध्येच तोडलं. ‘माझं नाव घालू नकोस. नंबर घाल.’

तर तो हा: 14416. टेली-मानस. सरकारने 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठी लावता येतो, आणि शेजारच्या खाटेवर झोपलेल्या कुणासाठी काय करावं हे विचारायलाही. जिवाला तातडीचा धोका असेल, तर आधी रुग्णवाहिकेचा 108.