कानापुढची न दुखणारी गाठ

मैत्रिणींनो, गालावर सूज दिसली की आपल्या घरात पहिला शब्द निघतो तो ‘गालगुंड’! लगेच कुणी लेप उगाळायला बसतं, कुणी शेक सांगतं. पण गालगुंड झालं की ताप येतो, दुखतं आणि आठ-दहा दिवसांत ते उतरतं. महिनोन्महिने ठाण मांडून बसलेली, न दुखणारी सूज वेगळीच असते. हे मला कळलं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या आजारपणात.

चार वर्षं त्यांचं तोंड सारखं कोरडं पडे. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, दातांच्या डॉक्टरांनी किडलेल्या दाढा भरल्या. “वय झालं गं आता,” म्हणून जाऊबाई गप्प! मग उजव्या कानापुढे सुपारीएवढी गाठ आली.

गाठ तपासता तपासता सर्जननी विचारलं, “डोळ्यांत पाणी येतं का?” पापणीच्या कडेला कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं लावली, तर ती ५ मिलिमीटरसुद्धा भिजली नाही. तेव्हा वेगवेगळ्या तक्रारींचा धागा जुळला. या विकाराला श्योग्रेन म्हणतात. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञांनी १९३३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटतात. दहा रुग्णांत नऊ तरी बायका असतात, बरं का!

या पेशी वर्षानुवर्षं ग्रंथीत साठतात आणि थोड्या जणींत त्यांचाच कर्करोग होतो. तो लिम्फोमा. जाऊबाईंचा ‘माल्ट’ जातीचा निघाला. पण निदान सहज झालं नाही. सुईने काढलेल्या पेशींत नुसती सूज की लिम्फोमा, हे ठरेना. दोन्ही दिसायला सारखेच. मग गाठीचा तुकडा काढला. चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते, म्हणून फार जपून. त्यावर खास रंगांच्या तपासण्या केल्या, तेव्हा कळलं की पेशी एकाच मूळ पेशीची पिलावळ आहेत.

निकाल ऐकून जाऊबाईंना रडू फुटलं, पण डोळे कोरडेच! डॉक्टरांनी धीर दिला. हा प्रकार बहुधा सावकाश वाढतो आणि उपचारांना चांगली दाद देतो. त्यांना किरणोपचार दिले. आज त्या पूर्वीसारख्या पोळ्या लाटतात, तपासणीच्या तारखा मात्र चुकवत नाहीत.

तेव्हा बायांनो, घाबरू नका. कानापुढच्या बहुतेक गाठी साध्याच असतात. पण दोन-तीन आठवड्यांत न उतरणारी सूज डॉक्टरांना दाखवा. आणि जाल तेव्हा तोंड कोरडं पडतं, डोळे खुपतात, हेही न विचारता सांगा. पाहुण्यारावळ्यांच्या तक्रारी आपण बारकाईने ऐकतो. स्वतःची तक्रार सांगायला लाजायचं कशाला?