हातचा एक

भाग जातो हे पक्कं ठाऊक, पण कशाने जातो ते कुणालाच ठाऊक नाही. एका संख्येची सत्तावीस वर्षं अशी गेली. त्या काळात तिच्याविषयी माणसाला नेमकं काय कळलेलं होतं, हा प्रश्न काही केल्या पाठ सोडत नाही.

संख्या अशी: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकं, दहं, शतं म्हणत परार्धापर्यंत गेलं तरी स्थानं अठराच होतात. ही एकवीस आकडी. सदुसष्ट वेळा दोन घेऊन गुणायचे आणि एक वजा करायचा. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपासकाने १६४४ साली तिला मूळ संख्यांच्या यादीत बसवलं. १८७६ मध्ये गणितज्ञ एदुआर ल्युकाने, एकेका संख्येने भागून न पाहता, संख्यांच्या वेगळ्याच एका मालिकेच्या आधारे दाखवलं की ती मूळ नाही. अवयव मात्र हाती आले नाहीत.

ते आले ऑक्टोबर १९०३ मध्ये. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्याशी गेले. एका बाजूला त्यांनी ही संख्या मांडली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. उत्तर जुळलं. ते एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असं पुढे गणितज्ञ एरिक टेंपल बेल यांनी लिहिलं. किती वेळ लागला, याचं कोल यांचं उत्तरही बेल यांनीच नोंदवलं: तीन वर्षांचे रविवार.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? कोल यांचा गुणाकार म्हणजे हातचं कांकण, आणि ल्युकाची सिद्धता म्हणजे आरसा, असं चटकन वाटतं. पण कपाळावरच्या कुंकवाचं काय? ते आपलंच, आपणच लावलेलं, तरी आरशाशिवाय दिसत नाही. सवयीचं बोट अंदाजाने बरोबर जागी टेकतं, पण ते सरळ लागलं की नाही, हे आरसाच सांगतो किंवा समोरचं माणूस. म्हण कांकणापुरती खरी. मग संख्येचे अवयव कांकणासारखे की कुंकवासारखे?

आणि तो गुणाकार तरी कितीजणांनी करून पाहिलेला असतो? संगणक तो क्षणात करतो. पण मग तोही आरसाच. कागद-पेन्सिल घेऊन, लहान अवयव खाली मांडून बसलं, तर एकचा पाढा सरळ उतरतो, पहिली ओळ जशीच्या तशी येते. दुसऱ्या ओळीत दोन साते चौदा, चार लिहायचे, हातचा एक. मराठीत त्याला ‘हातचा’ म्हणतात, पण तो हातात नसतो, उत्तराच्या ओळीतही वेगळा दिसत नाही. पुढच्या घरात मिसळेपर्यंत तो फक्त लक्षात धरलेला असतो. पुढे सातच्या ओळी तीनदा येतात, नवाची एक, आणि दर घरागणिक असा एक हातचा लक्षात ठेवावा लागतो.