खाणीच्या काठाने

जुलैत इथल्या शाळांना सुट्टी लागली, की मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घराला कुलूप लागतं आणि आम्ही पुण्याला बाबांकडे पळतो. यंदा दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबा मुलांना म्हणाले, "चला, वेताळ टेकडीवर. खाण दाखवतो."

वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सर्वांत उंच टेकडी, साधारण २६०० फूट. एआरएआयच्या बाजूने आम्ही वर गेलो. पाऊस नुकताच पडून गेलेला. दोन्हीकडे गिरिपुष्पाची दाट झाडी, लांबून मोरांचा ओरडा. वाळूत वाढलेली आमची पोरं बुटांना चिकटलेल्या चिखलावरच खूष!

झाडी संपली आणि समोर एकदम खड्डा. उभे कापलेले काळे कडे, तळाशी साठलेलं पाणी, कपारीतून उगवलेली रोपं. धाकटीने विचारलं, "आजोबा, डोंगराला कोणी चावलं?"

"आपणच की!" बाबा म्हणाले.

हा आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. पुण्यातल्या वाड्यांची जोती याच जातीच्या दगडाची. वडार मंडळी घण, पहार, छिन्नी घेऊन तो फोडत. पाटा-वरवंटा आणि जातीही त्याचीच. पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बाईची आरोळी मला अजून आठवते.

आमच्या जुन्या घराचं जोतंही काळ्या दगडाचं होतं. दोन वर्षांपूर्वी ते घर पाडून इमारत बांधायचं ठरलं. कागद अबुधाबीला आले, मी सही करून पाठवले. बाबा तेव्हा काहीच बोलले नाहीत. मला मात्र ती सही सलत होती. त्या काठावर उभं राहून मी तसं म्हटलं.

बाबा खाणीकडे बघत म्हणाले, "घर पाडलं म्हणून रडू नकोस. घर बांधायला डोंगर फोडलाच होता ना? तेव्हा कोणी रडलं नाही."

"मग २०२३ मध्ये टेकडीवरच्या रस्त्याविरुद्धच्या मोर्चात तुम्ही कसे?"

"तेव्हा कळत नव्हतं. आता कळतंय. घर पुन्हा बांधता येतं रे, टेकडी नाही."

परतताना चिखलात ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरले. पूर्वी मी त्यांचा घ्यायचो.

सुट्टी संपवून परत आलो. सामान उघडायच्या आतच धाकटीचा प्रश्न, "बाबा, आपलं हे घर कुठल्या डोंगरातून आलं?" खरंच की! इथल्या काँक्रीटची खडी फुजैरा, रास अल खैमाकडच्या हजर पर्वतातल्या खाणींतून येते. इतकी वर्षं इथे राहून मी त्या डोंगरांकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. थंडी पडली की एका शनिवारी तिकडे जायचं ठरलं आहे. आणि मंडळी, तुम्ही पावसाळ्यात पुण्याला गेलात, तर वेताळ टेकडीवर जरूर जा. मुलांना न्या आणि जमलं तर आजोबांनाही.