येवल्याच्या पोपटाची चोच

मनमाडला गाडीतून उतरून आम्ही येवल्याची एस.टी. पकडली, तेव्हा सौभाग्यवतींच्या मांडीवर नेहमीची पिशवी होतीच. तिच्याविषयी आधी सांगितले पाहिजे. नातीसाठी घातलेला स्वेटर दोन वर्षे त्या पिशवीत नांदत होता. सुलट हवा तिथे एखादा टाका उलट पडलेला दिसला, की ही बाई सुया ओढून घेई आणि आठ दिवसांचे काम घटकेत उसवी. पाठ तीनदा पुरी झाली, तीनदा उसवली. नात मात्र कोणासाठी न थांबता वाढत होती.

येवले हे तात्या टोप्यांचे जन्मगाव. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली धर्मांतराची घोषणा केली तीही इथेच. मी हे सांगत होतो. पण भाचीच्या लग्नासाठी पैठणी घ्यायला निघालेल्या माणसाला इतिहास कुठून ऐकू येणार!

एका विणकराच्या घरी गेलो. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून गृहस्थ मागावर बसले होते. पदर चालला होता. मोराच्या मानेची निळी, पानाची हिरवी, अशी रंगागणिक वेगळी कांडी. ताण्याचे धागे मोजत ती आपल्या हद्दीपर्यंत न्यायची, शेजारच्या रंगात अडकवायची आणि परत फिरवायची. म्हणूनच असा पदर उलटा धरला तरी सुलटाच दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागल्या बाजूला सुटे धागे असतात. भरगच्च पदर असला तर एका लुगड्याला महिनेच्या महिने जातात.

त्यांनी पेटीतून एक तयार पैठणी काढली. हिने चष्मा सावरला आणि मला जे दहा जन्मांत दिसले नसते ते पाहिले.

"या पोपटाची चोच लांब आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. विणकर मात्र हसले. "आहे ना! थोरली सासरी निघाली त्या दिवशीची ती. दुसऱ्या दिवशी दिसली मला."

"मग उसवली नाहीत?"

"ताई, धागा मोजण्यात चुकला, तर ती चूक पुढं पुढं सरकते. सगळी नक्षी वाकडी होते. ती रात्री दिसली तर रात्रीच उसवायची. चोचीची चूक चोचीतच राहते. तिच्यासाठी वीतभर उसवलं, तर रेशमाला पिसं सुटतात, तेज जातं. चोच नीट होते, अन् पोपट म्हातारा दिसतो!"

घासाघिशीत जिचा हात कोणी धरू नये, त्या बाईने तीच पैठणी सांगितल्या किमतीला घेतली. घडी मात्र स्वतः घातली. पोपट वर ठेवून.

परतीच्या एस.टी.त सुया चालू झाल्या. अंकाई-टंकाईचे डोंगर दिसू लागले तेव्हा त्या थांबल्या. मी तिरप्या नजरेने पाहिले. चार ओळींखाली एक उलटा टाका. तिचे बोट त्यावर गेले, तिथेच थोडा वेळ राहिले.

"अहो, हा टाका निसटलेला नाही ना? नुसता उलटाच आहे?"

"नुसता उलटा," मी म्हणालो. मला विणकामातले ओ की ठो कळत नाही.

सुया पुन्हा चालू झाल्या. दिवाळीला स्वेटर पुण्याला पोहोचला. अंगाला छान बसला. बाह्या तेवढ्या दोन बोटे आखूड झाल्या.